डेलावेअरवरची नाव : एका देशभक्तिपर चित्राचे वक्तृत्व

भाषणाला उत्तर देता येते. वक्ता बोलत असताना आपण मनातल्या मनात त्याचे एकेक विधान तपासत असतो, कुठे मान डोलावतो, कुठे कपाळाला आठ्या घालतो. चित्राच्या बाबतीत ही सवड मिळत नाही. एका दृष्टिक्षेपात ते सर्वच्या सर्व समोर उभे राहते आणि आपली तपासणी सुरू होण्यापूर्वीच त्याचा परिणाम होऊन गेलेला असतो. म्हणून देशभक्तीला आवाहन करणाऱ्या चित्राकडे सावधपणे पाहण्याची गरज देशभक्तीच्या भाषणापेक्षा अधिक आहे, असे मला वाटते.

वक्तृत्व हा शब्द आपण सहसा व्यासपीठाशी जोडतो. परंतु श्रोत्याला विशिष्ट निष्कर्षाकडे नेण्याची कला असा त्याचा व्यापक अर्थ घेतला, तर रेषा, रंग, प्रकाश आणि आकृतींची मांडणी यांचेही एक वक्तृत्व असते. ते कसे चालते, हे एकाच चित्राच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. चित्र आहे इमान्युएल लॉयट्से या चित्रकाराचे 'वॉशिंग्टन डेलावेअर नदी ओलांडताना'. ते १८५१ साली पूर्ण झाले आणि आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन कलासंग्रहालयात आहे. मी त्याची छापील प्रतिकृतीच पाहिली आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावरील पुस्तकांतून ती इतक्या वेळा भेटते, की त्या घटनेचे दुसरे काही चित्र डोळ्यांसमोर येणेच कठीण होऊन बसते.

मी इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे या चित्राशी माझा परिचय त्याच्या चुकांच्या यादीपासून झाला. ध्वज चुकीचा, नाव चुकीची, वेळ चुकीची, बर्फसुद्धा चुकीचा. इतक्या चुका असलेल्या साक्षीदाराला न्यायालयाने बाहेर काढले असते. या चित्रावर मात्र पावणेदोनशे वर्षे लोक विश्वास ठेवत आले आहेत. असे का व्हावे? या प्रश्नाचा विचार करता माझ्या लक्षात आले, की या चुका विखुरलेल्या नाहीत. त्या सर्व एकाच दिशेला झुकलेल्या आहेत. हे दिशेचे सातत्य म्हणजेच या चित्राचा युक्तिवाद होय.

ती रात्र

प्रथम घटना पाहू. जुलै १७७६ मध्ये अमेरिकन वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केले. त्यानंतरच्या काही महिन्यांत त्यांच्या सैन्याला पराभवामागून पराभव पत्करावे लागले. न्यूयॉर्क हातचे गेले. जनरल जॉर्ज वॉशिंग्टन उरलेल्या सैन्यासह न्यू जर्सीतून माघार घेत डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात आला. अनेक सैनिकांच्या नोकरीची मुदत ३१ डिसेंबरला संपणार होती. ते घरी गेले की सैन्य म्हणून फारसे काही उरणार नव्हते. त्याच डिसेंबरात भावाला लिहिलेल्या एका पत्रात, नवे सैन्य त्वरेने उभे राहिले नाही तर डाव जवळजवळ आटोपला, अशी कबुली वॉशिंग्टनने दिली होती.

२५ डिसेंबर १७७६ च्या रात्री सुमारे २४०० सैनिक, १८ तोफा आणि घोडे घेऊन त्याने गोठू लागलेली डेलावेअर ओलांडली. त्या रात्री हिमवृष्टीचे आणि गारांचे वादळ होते. आणखी दोन तुकड्या अन्य ठिकाणांहून नदी ओलांडणार होत्या, त्यांना ते ठरल्याप्रमाणे साधले नाही. वॉशिंग्टनच्या तुकडीलाही पलीकडे पोहोचायला योजलेल्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला. २६ तारखेच्या सकाळी या सैन्याने ट्रेंटन गावातील हेसियन तळावर हल्ला केला. हेसियन म्हणजे जर्मन संस्थानिकांनी इंग्लंडच्या राजाला मोबदला घेऊन पुरवलेले सैनिक. लढाई थोड्याच वेळात संपली. हेसियनांचा सेनानी योहान राल प्राणांतिक जखमी झाला आणि त्याचे सुमारे ९०० सैनिक कैद झाले. लष्करी दृष्ट्या हा विजय लहानच होता, पण त्याने विझत चाललेली चूल पुन्हा पेटवली.

ड्युसेलडॉर्फमधील चित्रशाळा

चित्र काढले गेले ते या घटनेनंतर पाऊणशे वर्षांनी, आणि तेही अमेरिकेपासून दूर जर्मनीत. लॉयट्सेचा जन्म १८१६ साली जर्मनीतच झाला. लहानपणी तो आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेला, फिलाडेल्फियात वाढला आणि १८४१ मध्ये चित्रकलेच्या शिक्षणासाठी ऱ्हाइनकाठच्या ड्युसेलडॉर्फला परत आला. तिथे तो सुमारे अठरा वर्षे राहिला.

या मुक्कामातच १८४८ साल आले. युरोपभर क्रांतीची लाट उसळली. जर्मन उदारमतवाद्यांना एकसंध राष्ट्र आणि लोकांची राज्यघटना हवी होती. फ्रँकफुर्टला त्यांची संसद भरली. वर्षभरात सारे विरून गेले. एप्रिल १८४९ मध्ये प्रशियाच्या राजाने संसदेने देऊ केलेला मुकुट नाकारला आणि मे महिन्यात खुद्द ड्युसेलडॉर्फमधील उठाव मोडून काढण्यात आला. त्याच १८४९ साली लॉयट्सेने हे चित्र हाती घेतले.

ही तारीख मला फार महत्त्वाची वाटते. आपण ज्याला अमेरिकन देशभक्तीचे चित्र समजतो, त्याचा पहिला प्रेक्षक पराभूत जर्मन क्रांतिकारक होता. त्याला चित्र सांगत होते : तुमच्यासारखेच तेही हरले होते, थंडीने काकडले होते, संपल्यात जमा होते. पुढे काय झाले ते तुम्हांला ठाऊकच आहे.

नोव्हेंबर १८५० मध्ये चित्रशाळेला आग लागून हे पहिले चित्र खराब झाले. लॉयट्सेने लगेच दुसरे सुरू केले. तेच १८५१ मध्ये न्यूयॉर्कला गेले. पहिले चित्र दुरुस्त होऊन पुढे ब्रेमेनच्या कलासंग्रहालयात राहिले. त्याचा शेवट काय झाला, ते ओघाने येईलच.

चित्रात काय दिसते?

चित्र प्रचंड आहे. उंची पावणेचार मीटरांहून थोडी अधिक, रुंदी जवळजवळ साडेसहा मीटर. त्यातील माणसे प्रत्यक्ष माणसांएवढी आहेत.

पुढे माणसांनी ठासून भरलेली एक नाव आहे आणि ती उजवीकडून डावीकडे चालली आहे. नावेच्या पुढच्या भागात वॉशिंग्टन उभा आहे. एक पाय वर टेकलेला, झगा वाऱ्यावर, हातात दुर्बीण, नजर पैलतीराकडे. त्याच्या मागे दोघांनी ध्वज धरला आहे. बाकी सगळे वाकलेले, दबलेले, कुडकुडणारे किंवा जोर लावणारे आहेत. कोणी वल्ही मारतो आहे, कोणी बर्फाचे तुकडे दूर ढकलतो आहे, एकाच्या डोक्याला पट्टी आहे. मागे दूरवर, उजव्या अंगाला, इतर नावा आणि बिथरलेले घोडे दिसतात. पायाशी काळोखे पाणी आणि टोकदार हिमखंड आहेत, वर आकाश उजळू लागले आहे.

मांडणी त्रिकोणी आहे. नावेची लांबी हा पाया आणि ध्वज व वॉशिंग्टनचे मस्तक हा माथा. सगळ्या वाकलेल्या पाठी आणि तिरपी वल्ही डोळ्याला या माथ्याकडे चढवत नेतात. नावेत ताठ उभी अशी एकच संपूर्ण आकृती आहे. आपण तिच्याकडे पाहायचे की नाही, हे ठरवण्याची मुभा चित्रकाराने आपल्याला ठेवलेली नाही.

चुका की युक्तिवाद?

आता त्या प्रसिद्ध चुका एकेक करून पाहू.

ध्वजापासून सुरुवात करू. चित्रात तारे आणि पट्टे असलेला ध्वज आहे. तो अधिकृतपणे स्वीकारला गेला १४ जून १७७७ रोजी, म्हणजे या घटनेनंतर जवळजवळ सहा महिन्यांनी. डिसेंबर १७७६ मध्ये जो ध्वज वापरात होता, त्याच्या कोपऱ्यात ब्रिटिश निशाणच होते. ते तसे रंगवले असते तर इतिहास सांभाळला गेला असता, पण प्रेक्षक गोंधळला असता. आपले आणि परके यांतली रेषाच पुसली गेली असती. लॉयट्सेने उद्याचा ध्वज आज फडकवला. जे राष्ट्र अजून सिद्ध व्हायचे आहे ते जणू आधीपासून अस्तित्वात आहे आणि या माणसांना ओढून नेत आहे, असा भास त्यामुळे होतो.

प्रकाशाचेही तसेच. नदी ओलांडली गेली रात्री, वादळात. चित्रात पहाट होत आहे आणि वॉशिंग्टनच्या मस्तकामागचे आकाश सर्वांत उजळ आहे. संतांच्या चित्रांतील प्रभावलय न काढताही ते काढल्याचा परिणाम चित्रकाराने साधला आहे. काळोखातून प्रकाशाकडे जाणारी नाव कोणत्याही भाषेतील माणसाला कळते.

नदी आणि बर्फ यांतही फेरफार आहे. त्या ठिकाणी डेलावेअर चित्रात दिसते तेवढी विस्तीर्ण नाही आणि तिच्यावरचा बर्फ सपाट पापुद्र्यांसारखा असतो. चित्रातले उंच, दातेरी हिमखंड चित्रकाराच्या डोळ्यांसमोर असलेल्या ऱ्हाइनचे आहेत, असे अभ्यासक सांगतात. अडथळा वाढवला म्हणजे त्याला सामोरा जाणारा मोठा होतो. जर्मन प्रेक्षकाला तर ती आपल्याच गावची नदी वाटावी.

शेवटी नाव. प्रत्यक्षात वापरल्या त्या 'डरहॅम' नावा. लोखंडासारखा जड माल वाहून नेणाऱ्या, चाळीस ते साठ फूट लांबीच्या, उंच कडांच्या आणि सपाट तळाच्या. त्यांत माणसे उभी राहूनच जात. तेव्हा वॉशिंग्टन उभा आहे ही काही चूक नव्हे, जरी त्याबद्दल सर्वांत जास्त थट्टा होत असली तरी. खरा बदल असा, की इतरांना बसवले आहे. नाव लहान करून, माणसे खाली दाबून, एकट्या सेनापतीला उभे ठेवले आहे. सर्वच उभे राहिले असते तर नेता दिसला नसता.

अशा रीतीने ध्वज, प्रकाश, बर्फ आणि नाव हे चारही बदल एकच वाक्य बोलतात : विजय निश्चित होता, तो कठीण होता आणि तो एका पुरुषाच्या निर्धाराने मिळाला. हे वाक्य चित्राखाली कुठेही लिहिलेले नाही. लिहिले असते तर आपण त्याच्याशी वाद घातला असता.

नसलेला शत्रू

चित्रातील सर्वांत प्रभावी युक्ती मात्र जे रंगवले नाही त्यात आहे, असे माझे मत आहे. युद्धाचे हे चित्र असूनही त्यात शत्रू नाही. एकही हेसियन दिसत नाही, एकही गोळी सुटत नाही, कोणाचे प्रेत नाही.

आपल्या साहित्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव उत्साह मानला आहे आणि त्याचा आलंबन विभाव म्हणजे ज्याला जिंकायचे आहे तो. या कसोटीने पाहता लॉयट्सेने आलंबनच पडद्याआड ठेवले आहे. वादळ, बर्फ, वारा ही उद्दीपने भरपूर आहेत. वाकलेल्या पाठी आणि ताणलेले हात हे अनुभावही आहेत. शत्रू तेवढा चौकटीबाहेर, डावीकडच्या तीरावर आहे. तिथे तो नेमका कोण, हे प्रेक्षकाने भरायचे.

याचा एक तात्कालिक फायदा उघड आहे. पैलतीरावरचे सैनिक जर्मन होते. ड्युसेलडॉर्फमध्ये बसून मारल्या जाणाऱ्या जर्मनांचे चित्र काढणे अवघडच होते. ते दाखवले नाहीत म्हणून १८४९ चा जर्मन प्रेक्षक निःशंकपणे नावेत बसू शकला आणि पैलतीरावर त्याने आपले सैनिक भाड्याने देणारे संस्थानिक उभे केले. पण यातून दूरचाही फायदा झाला. रिकामी जागा प्रत्येक पिढीला वापरता येते. १८६४ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध चालू असताना, संघराज्याच्या सैनिकांच्या मदतीसाठी न्यूयॉर्कला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात हे चित्र मांडले गेले. तेव्हा पैलतीरावर दक्षिणेतील बंडखोर राज्ये होती. चित्राचा एक ठिपकाही बदललेला नव्हता.

वल्ही कोणाच्या हाती?

नावेतील माणसांची निवड हाही एक युक्तिवाद आहे. एकाच्या डोक्यावर स्कॉटिश धाटणीची टोपी आहे. रुंद काठाच्या हॅटवाले दोघे शेतकरी वाटतात. सरहद्दीवरचे बंदूकधारी त्यांच्या वेशावरून ओळखू येतात. मागच्या टोकाला असलेला माणूस मूळनिवासी असावा, असे त्याचा पोशाख सुचवतो. लाल सदरा घातलेली एक आकृती पुरुषवेषातील स्त्री असावी, असेही काहींनी म्हटले आहे. पुढच्या भागात, वॉशिंग्टनच्या जवळ, एक कृष्णवर्णीय माणूस वल्हे मारतो आहे. ध्वज धरणाऱ्यांपैकी एक लेफ्टनंट जेम्स मन्रो मानला जातो. तोच पुढे अमेरिकेचा पाचवा राष्ट्राध्यक्ष झाला. ट्रेंटनच्या लढाईत तो होता व जखमीही झाला, मात्र वॉशिंग्टनच्या नावेत तो नव्हता.

म्हणजे ही एका रात्रीची नाव राहत नाही, ती राष्ट्राची प्रतिमा होते. भिन्न वेशांचे, भिन्न वर्णांचे लोक एका लयीत वल्ही मारतात आणि एकाच दिशेला जातात. या ठिकाणी चित्राने इतिहास सोडलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. त्या रात्री नावा चालवणाऱ्यांत कर्नल जॉन ग्लोव्हरच्या पलटणीतील मार्बलहेडचे कोळी आणि खलाशी प्रमुख होते आणि त्या पलटणीत कृष्णवर्णीय सैनिकही होते.

पण नेमक्या याच जागी चित्राची शिवण उसवलेली दिसते. १८५० मध्ये अमेरिकेत पळून गेलेल्या गुलामांना पकडून मालकांकडे परत पाठवण्याचा कडक कायदा झाला. त्यानंतर एका वर्षाने न्यूयॉर्कमध्ये ५०,००० हून अधिक लोक हे चित्र पाहून गेले. स्वातंत्र्याच्या नावेत वल्हे मारणारा कृष्णवर्णीय माणूस पाहून ते सद्गदित झाले असतील. मात्र प्रदर्शनाच्या बाहेर रस्त्यावर तशाच एखाद्या माणसाला साखळदंड घालणे कायदेशीर होते. स्वतः वॉशिंग्टनही गुलामांचा मालक होता. आपल्या गुलामांच्या मुक्तीची तरतूद त्याने १७९९ च्या मृत्युपत्रात केली.

चित्र या विसंगतीवर काहीच बोलत नाही. ते त्या माणसाला जागा देते, काम देते आणि नाव मात्र देत नाही. ते देण्याचा प्रयत्न १८५५ मध्ये विल्यम नेल या कृष्णवर्णीय लेखकाने केला. प्रिन्स व्हिपल या गुलाम सैनिकाचा संबंध त्याने या नदी ओलांडण्याशी जोडला. इतिहाससंशोधकांना तो पुरावा भक्कम वाटत नाही. तरीही नेलला तसे का करावेसे वाटले, हे समजण्यासारखे आहे. चित्राने जे अर्धे कबूल केले होते, त्याची पूर्ण वसुली तो मागत होता.

चेहरा, चौकट आणि प्रती

वॉशिंग्टनच्या चेहऱ्यावर कष्टाची किंवा भीतीची छटाही नाही. तो चेहरा फ्रेंच शिल्पकार ऊदोँने १७८५ साली प्रत्यक्ष पाहून घडवलेल्या अर्धपुतळ्यावरून घेतला आहे. १७७६ मध्ये ४४ वर्षांच्या असलेल्या, पराभवाने पोळलेल्या सेनापतीला पुढे कीर्तिवंत झालेल्या माणसाचा दगडी चेहरा लाभला. शरीरासाठी वर्दिंग्टन व्हिट्रेज हा अमेरिकन चित्रकार उभा राहिला. झग्याच्या घड्या एकाच बैठकीत रंगवता याव्यात म्हणून दोन तास तसेच उभे राहावे लागले आणि आपण अगदी गळून गेलो, असे त्याने आठवणींत लिहून ठेवले आहे. वीरमुद्रेमागची ही पायदुखी चित्रात अर्थातच नाही.

वक्त्याला जसे व्यासपीठ, तसे चित्राला चौकट आणि जागा. मार्शल रॉबर्ट्स नावाच्या धनिकाने हे चित्र त्या काळात १०,००० डॉलर या भल्या मोठ्या किमतीला घेतले. १८५२ मध्ये ते राजधानीतील संसदभवनाच्या घुमटाखाली मांडण्यात आले. १८६४ च्या प्रदर्शनातील छायाचित्रात त्याची मूळ चौकट दिसते. सोनेरी, वर पंख पसरलेला गरुड असलेली. त्या छायाचित्रावरून तशीच चौकट नव्याने घडवून २०१२ पासून मेट्रोपोलिटनमध्ये चित्र तिच्यात लावले आहे. गरुड हे राष्ट्रचिन्ह. तेव्हा चित्र पाहण्यापूर्वीच ते कोणत्या भावनेने पाहायचे, हे चौकट सांगून मोकळी होते.

याहूनही दूरवर पोहोचली ती छापील प्रत. पॉल जिरार्देने केलेले उत्कीर्णन १८५३ मध्ये गुपिल या चित्रप्रकाशकाने काढले. ज्यांनी मूळ चित्र कधीच पाहिले नव्हते, त्यांच्या घरांत आणि शाळांत त्याच्या प्रती लागल्या. भिंतीवर रोज दिसणारी गोष्ट हळूहळू पुरावा वाटू लागते.

उलट उत्तरे

चित्राला उत्तर देता येत नाही, असे मी आरंभी सुचवले. त्यात एक भर घातली पाहिजे. चित्राला चित्राने उत्तर देता येते. १९३२ मध्ये ग्रँट वुडने तीन वृद्ध, आत्मसंतुष्ट स्त्रिया रंगवल्या आणि त्यांच्यामागे भिंतीवर याच चित्राची प्रत टांगलेली दाखवली. पूर्वजांच्या पराक्रमावर प्रतिष्ठा मिळवणाऱ्यांची ती थट्टा होती. १९५३ मध्ये लॅरी रिव्हर्सने हाच प्रसंग पुन्हा रंगवला. त्याचा वॉशिंग्टन एकाकी आणि संभ्रमात पडलेला दिसतो. कडा पुसट आहेत, थंडी खरी आहे. १९७५ मध्ये रॉबर्ट कोलस्कॉटने सेनापतीच्या जागी कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर याला उभे केले. भोवती गोऱ्या समाजाने कृष्णवर्णीयांची जी विद्रूप सोंगे रूढ केली होती, ती नावेत बसवली. ते अमेरिकन इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातील एक पान आहे, असेही शीर्षकातच जोडले. २०१९ मध्ये केंट मंकमन या क्री जमातीच्या चित्रकाराने खुद्द मेट्रोपोलिटनच्या दालनासाठी काढलेल्या चित्रात नाव आली, पण ती आता मूळनिवासींच्या हाती होती.

इतिहासाचे उत्तर याहून कठोर होते. ब्रेमेनमध्ये असलेले पहिले चित्र सप्टेंबर १९४२ मध्ये हवाई हल्ल्यात जळाले. विमाने ब्रिटिशांची होती आणि अमेरिका त्या वेळी ब्रिटनच्या बाजूने युद्धात उतरलेली होती. कोणता तीर आपला आणि कोणता परका, हे काळ किती सहज बदलतो!

पुण्यापर्यंत आलेला धागा

या चित्राशी नव्हे, पण त्या डिसेंबराशी महाराष्ट्राचा एक खरा धागा जुळतो. नदी ओलांडण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, १९ डिसेंबर १७७६ रोजी, टॉमस पेनने आपल्या 'अमेरिकन क्रायसिस' या लेखमालेतील पहिला लेख प्रसिद्ध केला. खचलेल्या सैन्याला धीर देणारे ते लेखन होते. याच पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' पुढे १८४७ च्या सुमारास पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांच्या वाचनात आले. १८७३ मध्ये फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेले औदार्य आणि स्वार्थत्याग यांच्याबद्दल आदर म्हणून.

ही अर्पणपत्रिका लॉयट्सेच्या नावेशेजारी ठेवून पाहावी. नावेत सर्वांची नजर सेनापतीकडे वळवली जाते. फुल्यांनी अमेरिकेकडे पाहिले, तेव्हा त्यांची दृष्टी वल्हे मारणाऱ्याकडे गेली. स्वातंत्र्य म्हणजे परक्या राजाचे निशाण उतरणे एवढाच अर्थ त्यांना पुरेसा नव्हता. नावेतल्या नावेत कोण बसलेला आणि कोण बांधलेला, हा त्यांचा प्रश्न होता. देशभक्तीचे चित्र कसे पाहावे, याचा हा मला सापडलेला सर्वांत चांगला वस्तुपाठ आहे.

निष्कर्ष

मग हे चित्र खोटे म्हणायचे का? बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक आपल्याला राजवाड्यांपासून ठाऊक आहे. पत्र घटनेजवळचे असते, बखर उत्तरकाळी, निकाल माहीत असताना लिहिली जाते. लॉयट्सेचे चित्र बखरीसारखे आहे. त्यातून १७७६ ची रात्र शोधायला जाल तर फसाल. १८४९ चे मन शोधाल तर ते विश्वासार्ह आहे.

माझा आक्षेप ध्वजाच्या किंवा बर्फाच्या चुकीवर नाही. तो निश्चिततेवर आहे. भावाला पत्र लिहिणाऱ्या वॉशिंग्टनला उद्या काय होणार, हे माहीत नव्हते. थंडीने बोटे आखडलेल्या खलाशांनाही नव्हते. चित्राने त्यांच्या डोक्यावर उद्याचा ध्वज धरला, क्षितिजावर पहाट ठेवली आणि सेनापतीला पुतळ्याचा चेहरा दिला. असे करताना त्यांचे खरे धैर्य त्याने कमीच केले. निकाल ठाऊक असताना नदी ओलांडायला धैर्य कशाला लागते?

परंतु हीच निश्चितता दोन प्रेक्षकांना दोन वेगळ्या गोष्टी देते. हरलेल्याला ती आधार देते. ड्युसेलडॉर्फच्या निराश क्रांतिकारकाला पहाटेची गरज होती आणि ती त्याला देण्यात चित्रकाराने काही गैर केले नाही. जिंकलेल्याला मात्र तीच निश्चितता खुशामत ठरते. तुमचे राष्ट्र पहिल्या दिवसापासून असेच उजळ होते, नावेत सर्व जण एकदिलाने होते, आता विचारण्यासारखे काही उरले नाही, असे ती त्याच्या कानात सांगते. रंग तेच, रेषा त्याच. नदी ओलांडायची आहे की ओलांडून झाली आहे, यावर औषध आणि गुंगी यांतला फरक ठरतो.

तेव्हा अशा कोणत्याही चित्रापुढे उभे राहिल्यावर तीन साधे प्रश्न विचारावेत, असे मी माझ्या सहाध्यायांना सुचवीन. उभा कोण आहे? वल्ही कोणाच्या हाती आहेत? आणि पैलतीरावर कोणाला बसवण्यासाठी जागा रिकामी ठेवली आहे? या प्रश्नांनी देशप्रेम उणावत नाही. ज्यांनी निकाल माहीत नसताना काळोखात वल्ही मारली, त्यांच्यापर्यंत ते पोहोचते एवढेच.